इस्को लाकडं का फोडतो

३ फेब्रुवारी, सोमवार
नळ आला नाही. टाकीत होतं त्यावर भागवलं.
प्रणालीनं चहाबरोबर झेरॉक्सचा गठ्ठा पुढे केला. एम.ए.च्या शेवटच्या सत्रात सेमिनार आहे, फिलिपिन्समधल्या एका गोष्टीवर. "आत्या, तू बी.ए.ले इंग्लिश वाङ्मय घेतलं होतं ना? वाचून सांग न कशी वाटते." माझं बी.ए. होऊन जमाना झाला. त्यानंतर उभी नोकरी जिल्हा कोर्टात, कारकून म्हणून. तिथे वाचल्या त्या फिर्यादी, जबाब, निकाल. तरी घेतली. मनोहरनं (धाकटा भाऊ, तळेगावला शेती) पोरगी माझ्या भरवशावर पिपरीत ठेवली आहे, तर तिचा अभ्यास माझ्याही अंगावर.
दुपारी डिक्शनरी घेऊन बसले. झेरॉक्समध्ये लेखकाचं नाव कापलं गेलं आहे. काम करावं तर धड करावं.
बेटावरचं गाव, नारळाच्या बागा. इस्को नावाचा तरुण एका सकाळी कुऱ्हाड घेऊन एका घराच्या अंगणात येतो आणि कोणाशी न बोलता लाकडं फोडायला लागतो. मग रोज येतो. पाणी भरतो, पावसाळ्याआधी छपराची पानं बदलतो. जेवतो पायरीवर. त्या घरात लुमेन नावाची मुलगी. तिच्याशी बोलणं जवळजवळ नाहीच. दोन पावसाळे जातात. शहरातून एक शाळामास्तर येतो, लुमेनचं त्याच्याशी लग्न होतं. मांडवाची बांबूची कमान इस्को बांधतो, तिची पेटी होडीपर्यंत तोच वाहून नेतो. दुसऱ्या सकाळी परत कुऱ्हाड घेऊन हजर. लुमेनची आई त्याला आत बोलावते, टेबलाशी ताट मांडते. गोष्ट संपली.
माझं मत: इमानदार गड्याची गोष्ट. मालकिणीनं शेवटी कदर केली. बरी आहे.
प्र.ला सांगितलं. ती कप उचलून आत गेली.

५ फेब्रुवारी, बुधवार
आज प्र.ला वाचा फुटली. सेमिनारचा विषय म्हणे 'एकतर्फी प्रेम'. मॅडमनी गोष्ट सगळ्यांना एकच दिली, बाजू वेगवेगळ्या. प्र.कडे इस्कोची बाजू.
मी विचारलं, प्रेम कुठे लिहिलं आहे ते दाखव.
"लिहिलं नाई म्हणून नाई का?"
जबाबात नाही ते नाही, असं मी म्हटलं. कोर्टात हेच शिकले.
"आत्या, तो नोकर नाई आहे!"
मग काय आहे? दुसऱ्याच्या घरी वर्षभर राबतो, पायरीवर जेवतो, घरच्या पोरीकडे मान वर करून पाहत नाही. आमच्या घरी सालदार होता, तो असाच होता. पाडव्याला ठरायचं, पाडव्याला संपायचं, वर्षभराचं धान्य आणि कपडे. मी त्याला ओळखते, त्या इस्कोला.
"त्याले पगार दिल्याचं कुठं लिहिलं आहे, दाखव."
पुन्हा वाचलं. खरंच कुठे नाही. मजुरी नाही, ठरावणी नाही. मुद्दा तिचा. पण पोरगी एवढी लाल का झाली, ते कळलं नाही. परीक्षेच्या गोष्टीवर इतकं कोणी भांडत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार
सौरभ आला होता. प्र.चा वर्गमित्र, आर्वीचा. वडिलांचं तिथे खत-बियाण्यांचं दुकान. स्वतः एम.ए.ला नाव घालून ठेवलं आहे, लक्ष सगळं सरकारी परीक्षांकडे. (वहीत त्याच्यासाठी 'सौ.' लिहिणार होते, पण ते भलतंच वाचलं जाईल. पूर्ण नाव लिहीन.)
सोलेभात केला होता, ओल्या तुरीच्या दाण्यांचा. दोनदा घेतला.
"आत्या, तुमच्या हातचा सोलेभात म्हणजे कसम से! आमची आई तं सोले सोलूनच थकते."
"सोलायला तू बसत जा."
"मी बसलो तं अर्धे खाऊन टाकतो, आत्या."
हसरा मुलगा. ताट उचलून मोरीत ठेवतो. मला असली तोंडदेखली पोरं आवडत नाहीत, पण हा तसा नाही, त्याचाच मला राग येतो.
त्याच्याकडे गोष्टीतली लुमेनची बाजू आहे. वाचली का, विचारलं. म्हणाला, "प्रणालीनं सांगितली न स्टोरी. ती लिहून देऊन राह्यली मले. मी फक्त वाचून दाखवतो."
प्र. पाण्याचा तांब्या भरत होती. वळली नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
मनोहरचा फोन. प्र.ला स्थळ आलं आहे, पुलगावचं. मुलगा वीज कंपनीत इंजिनिअर. माणसं समजूतदार वाटली त्याला. "पोरीले विचार ताई, हो का नाई. मी विचारलं तं 'थांबा न बाबा' म्हणते. किती थांबाचं? त्यायनं पाडव्यापर्यंत सांगा म्हटलं."
मी म्हटलं, शिक्षण आधी.
"शिक्षण कोण थांबवून राह्यलं? नाई म्हणाचं असन तं नाई म्हण म्हणा. काऊन थांबाचं तेवढं तं सांगन?"
बरोबर बोलला. प्र.ला विचारलं.
"थांब न आत्या."
कशासाठी?
"सेमिनार होऊ दे."
सेमिनारचा आणि लग्नाचा काय संबंध, हे मी विचारलं नाही, कारण उत्तर येणार नव्हतं हे दिसत होतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार
शेजारच्या वंदनाताईंची मुलगी दुबईला नर्स आहे, तिच्या खोलीवर फिलिपिन्सची एक बाई राहते, हे मला एकाएकी आठवलं. दोन वर्षं वंदनाताई मला त्या बाईच्या माशांच्या वासाबद्दल सांगतात आणि मला आत्ता सुचतं!
गेले. वंदनाताई म्हणाल्या, "तुमाले काय करायचं ताई त्या बाईचं?" मी म्हटलं, साक्ष पाहिजे. त्यांनी मुलीला आवाजी निरोप पाठवला: "काकू विचारून राह्यल्या का तुमच्या त्या बाईच्या गावात लोकाच्या घरी फुकट लाकडं काऊन फोडतेत?"
संध्याकाळी उत्तर आलं. आधी मुलीचं हसू, मागे ती बाई इंग्रजीत काहीबाही सांगते आहे. मुलीनं आमच्यासाठी मराठीत केलं. जुन्या काळी तिकडे मुलगी मागायची असेल तर मुलगा तोंडानं मागत नाही. तिच्या घरी जाऊन राबतो. लाकूड, पाणी, छप्पर. आईबाप पाहतात, किती दिवस टिकतो, चिडतो का, कामात खोट काढतो का. याला त्यांच्याकडे शब्द आहे, पानिनिलबिहान. त्या बाईच्या आजोबानं वर्षभर केलं होतं म्हणे. "आता कोणी नाई करत, काकू. आता मोबाईलचं रिचार्ज मारतेत."
वंदनाताई म्हणाल्या, "हे बरं आहे. आपल्याकडे आधी लग्न होते आन् मग पाहा लागते, टिकतो का नाई."

१३ फेब्रुवारी, गुरुवार
पुन्हा वाचली. तीच पानं, वेगळीच गोष्ट.
तो आल्या सकाळीच सगळ्या गावाला कळलं होतं. आईला, बापाला, विहिरीवरच्या बायांना. मुद्दाम सांगायची गरजच नव्हती. कुऱ्हाड खांद्यावर घेऊन रस्त्यानं येणं हेच मागणं. मी ज्याला गडी समजत होते तो उमेदवार होता. आणि घरानं त्याला दोन वर्षं ना हो म्हटलं, ना नाही. पाणी मात्र भरून घेतलं.
शेवटचं ताट आता गळ्याखाली उतरत नाही. ती कदर नव्हे. मग काय? माफी? की पाहुणा म्हणून बसवलं, म्हणजे आता तू मागणारा राहिला नाहीस, असं सांगणं?
प्र.ला म्हटलं, माझं चुकलं, तो सालदार नाही. ती म्हणाली, "मी तं पहिल्याच दिवशी म्हटलं होतं." मग मऊ होऊन, "पण आत्या, आमच्या मॅडमले पण हे ठाऊक नाई. मी टाकू सेमिनारमधी?" टाक म्हटलं. वंदनाताईंच्या मुलीचे आभार मान.

१७ फेब्रुवारी, सोमवार
एकच प्रश्न डोक्यात. लुमेनला कळत होतं का?
होतं, याच्या बाजूनं: गावाला कळतं ते घरच्या पोरीला न कळायला ती काय आंधळी आहे. एकदा ती त्याच्या पायाला लागलेलं पाहून चिंधी आणून पायरीवर ठेवते, हातात देत नाही. देण्यात अर्थ निघेल म्हणून ठेवते.
नव्हतं, याच्या बाजूनं: लग्नाची पेटी उचलायला ती त्यालाच हाक मारते. कळणारी बाई असं करेल?
प्र.चं म्हणणं, करेल. "कारण तोच हक्काचा आहे न आत्या. बाकी कोणाले सांगन ती?"
हे ती पोळी तोडता तोडता म्हणाली. मी निकाल राखून ठेवला.
मधेच तिनं विचारलं, "तुझ्यासाठी कोणी फोडली का लाकडं?"
"आमच्याकडे गॅस होता."
खूप हसली. आमच्या यांनी लाकडं फोडली नाहीत हे खरं. पगार आणून हातात द्यायचे आणि पेपर वाचायचे. मला त्यात कधी काही कमी वाटलं नाही. आजही वाटत नाही. जाऊ द्या.

२४ फेब्रुवारी, सोमवार
सौरभच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, इथल्याच दवाखान्यात. सौरभची नागपूरला टेस्ट. वडिलांना दुकान. प्र. सकाळपासून दवाखान्यात. डबा नेला, थर्मास नेला, माझी शाल नेली. उद्याही जाणार.
विचारलं, त्यांचं कोणी नाही का आर्वीहून यायला?
"आहे न. पण मी जवळ आहे."
गेल्या महिन्यात त्याचा फॉर्म भरायला रांगेत उभी होती. त्याआधी त्याची पुस्तकं घेऊन एस.टी.नं आर्वीला. नोट्स तर रोजच्याच. मी हे सगळं पाहत होते. मैत्री आहे म्हणत होते. इस्कोला मी गडी म्हणाले होते, तसंच.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
दवाखान्यात गेले. पेशंटला पाहून येऊ, एवढंच म्हणून.
प्र. औषधं आणायला खाली गेली होती. बाई एका डोळ्यावर पट्टी लावून बसलेल्या. साधी, गोड बाई. मला म्हणाल्या, "तुमची पोरगी सोनं आहे, ताई. माह्या पोरीनं नसतं केलं एवढं."
मी म्हटलं, हो.
मग त्या दाराकडे पाहून हळू बोलल्या. जसं आठवतं तसं लिहिते.
"मले समजते, ताई. मी बाई आहे. पण त्याच्या मनात नाई. परीक्षेच्या क्लासमधी पुण्याची एक आहे, तिचंच पाहून राह्यला तो. मले सांगितलं त्यानं. आता हिले मी काय बोलू? येऊ नको म्हणू? एवढ्या मायेनं येते. म्हणून मी काहीच बोलत नाई. फक्त म्हणते, जेव पोरी, जेव."
प्र. आली. बाईंनी तिला जवळ बसवून डब्यातला पहिला घास स्वतःच्या हातानं दिला.
मी उभीच होते. खुर्ची होती तरी.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
आता मला ठाऊक आहे आणि प्र.ला नाही. कोर्टात असं झालं की कागद पुढे सरकवायचा, आपलं काम संपलं. इथे कागद माझ्याच हातात.
सांगितलं तर तुटेल. न सांगितलं तर मी लुमेनची आई. ताट मांडून बसणारी.
मनोहरचा पुन्हा फोन. "ताई, त्यायचा निरोप आला. पाडवा जवळ आला." त्याला म्हटलं, थांब. तो म्हणाला, "आता तू पण थांबच म्हणाले लागली!"

४ मार्च, मंगळवार
वळसा घेऊन गेले. रात्रीची भांडी आवरून झाल्यावर प्र. नखं कापत बसली होती. मी म्हटलं, त्या गोष्टीत चूक आईची. तिनं इस्कोला पहिल्याच वर्षी सांगायला पाहिजे होतं, बाबा रे, आमच्या पोरीच्या मनात नाही, तू दुसरं घर पाहा.
प्र. नखं कापतच राहिली. "सांगून काय होणार होतं?"
त्याला कळलं असतं.
"त्याले माहीत नव्हतं, असं वाटते का तुले?"
तिनं नेलकटर बाजूला ठेवलं.
"आत्या, आपण सारख्या लुमेनले कळत होतं का, लुमेनले कळत होतं का, करून राह्यलो. इस्कोले विचारलं का कोणी? तो रोज त्या घरात असते. ती कोणाकडे पाहून हसते, कोणाची चिठ्ठी आली, सगळं त्याले दिसते. त्यालेच सगळ्यात आधी कळलं असन."
"मग काऊन फोडतो लाकडं?" माझ्या तोंडून माहेरचं निघालं.
"त्याले फोडायची आहेत म्हणून."
मग म्हणाली, "पुण्याची मुलगी. तिचं नाव पण ठाऊक आहे मले. सौरभनं फोटो दाखवला. छान आहे दिसाले."
मी काय काय तयारी केली होती बोलण्याची. सगळी वाया.

५ मार्च, बुधवार
उलगडत नाही. फसवलेला माणूस मला समजतो. आशेवर असलेला समजतो. ज्याला ठाऊक आहे, आशा नाही, कोणी बोलावलं नाही, तरी जो रोज जातो, त्याचं काय? मूर्ख म्हणावं तर प्र. मूर्ख नाही. दर वर्षी पहिल्या वर्गात येते. मग त्याला काय मिळतं? मिळतच असणार काहीतरी, नाहीतर माणूस हात हलवत नाही.
दुपारी सरळ विचारलं, तुला काय मिळतं त्यात?
म्हणाली, "मी तिथं असते न."
एवढंच.
मी म्हटलं, ठीक आहे. पण एक ऐक. सालदाराचं साल संपतं. पाडवा येतो, हिशेब होतो, पुढचं साल धरायचं की सोडायचं हे तो ठरवतो. इस्कोचं साल कधी संपतं?
प्र. उठली. चप्पल घालून बाहेर गेली. अंधार पडायच्या आत आली. जेवली.

९ मार्च, रविवार
गहू निवडले. प्र. दिवसभर लिहीत होती. आधी तिचा सेमिनार, मग त्याचा. उन्हं चढायला लागली. कूलर काढावा का?

१५ मार्च, शनिवार
काल धुळवड. सौरभ रंग घेऊन आला, माझ्या कपाळाला टिळा लावला, प्र.च्या दोन्ही गालांना. मग फोन वाजला तर बोलत बोलत गेटबाहेर गेला आणि तासभर आलाच नाही. प्र.नं त्याच्या वाटची भजी झाकून ठेवली. गार झाली. मी ती वंदनाताईंच्या गाईला घातली. मुद्दाम.

२० मार्च, गुरुवार
सेमिनार झाला. प्र. आली ती सरळ पंख्याखाली पडली. तिच्याकडून तुकड्या-तुकड्यानं काढलं.
तिचं चांगलं झालं. मॅडमना लाकडं फोडण्याची रीत ठाऊक नव्हती, त्यांनी वहीत लिहून घेतली. मग सौरभ उभा राहिला, लुमेनच्या बाजूनं. प्र.नं लिहिलेलं त्यानं आधी वाचून पाहिलं नव्हतं. बातम्या वाचाव्यात तसा भराभर वाचत गेला. लुमेनला सगळं ठाऊक होतं. ठाऊक नसल्यासारखं वागणं सोपं होतं, कारण पाणी रोज भरलेलं मिळत होतं. तिनं त्याला फसवलं नाही. तिनं त्याच्याकडे कधी पाहिलंच नाही, आणि न पाहता घेत राहिली. अशा अर्थाचं इंग्रजीत.
"इथपर्यंत आला आन् थांबला."
मग?
"मले वाटलं पान उलटून राह्यला. पण पान नव्हतं उलटायचं. माझ्याकडे पाहिलं त्यानं. मग राहिलेलं वाचलं. हळू."
मॅडमनी त्याला विचारलं, मग लुमेननं काय करायला हवं होतं? त्याला सांगता आलं नाही. वर्ग हसला.
मी विचारलं, हे तू मुद्दाम लिहिलंस?
"मी गोष्टीबद्दल लिहिलं."
माझ्यासमोर असे साक्षीदार पुष्कळ येऊन गेले. हिच्या चेहऱ्यावरून मात्र काही ठरवता आलं नाही.

२३ मार्च, रविवार
सौरभ फिरकला नाही. फोनही नाही. प्र. फोन उलटा ठेवते, मग सुलटा करते.
मनोहरला खोटं सांगितलं, पोरगी परीक्षेत आहे, पाडव्याला सांगते म्हणाली. तिनं असं काही म्हटलेलं नाही.

२७ मार्च, गुरुवार
सौरभ आला. भर दुपारी, एवढ्या उन्हात. प्र. कॉलेजात होती. मी म्हटलं नाही ती. "माहीत आहे," म्हणाला. म्हणजे माझ्याकडेच आला होता.
पाणी दिलं. जेवतोस का विचारलं. "नको आत्या." पहिल्यांदा नको म्हणाला.
बसून राहिला. मग, "मॅडमनं विचारलं त्याचं उत्तर मले अजून नाई आलं. लुमेननं काय करायले पाहिजे होतं?"
मी म्हटलं, मला का विचारतोस?
"तुम्ही कोर्टात होत्या."
"कोर्टात जो फिर्याद करतो त्याचं ऐकतात. इथे फिर्यादच नाही."
"तेच तं." हातातली गाडीची चावी फिरवत होता. "प्रणालीनं कधी काही म्हटलंच नाई, आत्या. म्हटलं असतं तं मी सांगितलं असतं न सरळ. मी वाईट नाई आहे."
"नाहीस."
"पण मले समजत होतं." हे अगदी हळू म्हणाला. "थोडं थोडं समजत होतं. ती नाई म्हणत नव्हती, मग मीपण..."
वाक्य पुरं केलं नाही. मीही करून दिलं नाही.
जाताना म्हणाला, पुढच्या मंगळवारी आईचा दुसरा डोळा आहे. "मी टेस्ट सोडली. मीच बसतो आईजवळ. प्रणालीले येऊ नको म्हणून सांगजा."
मी म्हटलं, ते तुझं तू सांग.
गेटाशी उभा राहिला थोडा. मग सांगतो म्हणाला.
महिनाभर जो प्रश्न घेऊन बसले होते त्याचं उत्तर माझ्या ओसरीवर येऊन, पाणी पिऊन गेलं. लुमेनला थोडं थोडं कळत होतं. वाटलं होतं, कळल्यावर बरं वाटेल.

२८ मार्च, शुक्रवार
सांगितलं त्यानं. फोनवर नाही, कॉलेजच्या सायकल स्टँडवर. प्र.च्या तोंडून एवढंच: "चांगलं बोलला. रडला पण थोडा. मीच पाणी दिलं त्याले." मग, "नोट्स पण त्याच्या तोच काढणार म्हणे आता. कसा काढते कोण जाणे."
रागावली नाही. रडली नाही. मला ती रडायला हवी होती, मग मला काय करायचं ते माहीत असतं.

३० मार्च, रविवार, पाडवा
गुढी उभारली. पुरण थोडंच घातलं, दोघींपुरतं.
मनोहरचा फोन सकाळीच. मी प्र.कडे दिला नाही, तिनं मागितला. बापाला म्हणाली, "बाबा, दोन दिवस द्या. थांबा म्हणत नाई, दोन दिवस म्हणून राह्यली." मनोहर नंतर मला म्हणाला, "आज पोरगी नीट बोलली, ताई. काय केलं तू?" काही नाही, म्हटलं. खरंच काही नाही.
दुपारी तिला म्हटलं, नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण. पुलगाववाला म्हणजे काही मलमपट्टी नव्हे. त्याच्यावर अन्याय होईल.
"मले माहीत आहे, आत्या. तेच पाहून राह्यली मी. मी त्याच्या घरी गेली तं कोणाची लाकडं फोडीन, त्याची का याची."
मला पुढे बोलायला जागा ठेवली नाही.

१ एप्रिल, मंगळवार
आज त्या बाईंचा दुसरा डोळा. आम्ही दोघींनीही विषय काढला नाही.
प्र. पहाटेच उठली, सवयीनं. कणीक भिजवायला घेतली, आज डबा न्यायचा नाही ते आठवलं असावं, अर्धी परत डब्यात टाकली. आंघोळ केली. केस विंचरले. ओसरी झाडली, जी मी आधीच झाडली होती. नऊला दवाखान्यात पेशंट आत घेतात. नऊ वाजले तेव्हा ती दारात बसली होती, दोन्ही हात मांडीवर.
"आत्या, काही काम सांग न."
मला कामं सुचत नाहीत असं कधी होत नाही. कूलरची गवताची जाळी बदलायची आहे, तिखट कुटून आणायचं आहे, माळा तसाच पडला आहे. या घरात कोणी रिकामं बसलं तर माझ्यानं पाहवत नाही, हे तिला ठाऊक आहे, म्हणून तर तिनं मागितलं.
"काही नाही," म्हटलं. "बस."
तिनं वर पाहिलं. वाटलं रागावेल. मग सरकून मला जागा केली. मीही बसले. समोरच्या प्लॉटवर कोणाचं तरी बांधकाम चाललं आहे, विटांचा ट्रक आला होता, तो उतरवताना पाहत बसलो.  मधे एकदा तिनं नाक ओढलं.
अकराच्या सुमारास तिचा फोन वाजला. तळेगावहून. दोन दिवस झाले होते.
ती लगेच उचलत नव्हती. मी तिच्याकडे पाहिलं नाही, ट्रककडे पाहत राहिले. मग उचलला. "हां बाबा," म्हणाली, उठली, चपला न घालताच गेटाबाहेर गेली, तापलेल्या रस्त्यावरून पार कोपऱ्यापर्यंत. तिथे उभी राहून बोलत होती. बराच वेळ. हात हलवत होती, एकदा मान जोरात हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, इतक्या लांबून कळत नाही. ट्रकवाला विटा फेकत होता, त्या आवाजात ऐकूही येत नव्हतं.
मी आत आले. पोळ्या लाटायला घेतल्या आहेत. ती अजून कोपऱ्यावरच आहे.